बोट रात्री कुठे बांधणार?

हाउसबोट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी काश्मीर येते. दाल सरोवर, नक्षीदार लाकडी खोल्या, शिकाऱ्यात फुले घेऊन येणारा विक्रेता. पण मैत्रिणींनो, काश्मीरची हाउसबोट म्हणजे पाण्यावरचे घरच. ती एका जागी बांधलेली असते. फिरायचे ते शिकाऱ्यातून. केरळातली हाउसबोट तशी नाही. ती दुपारी धक्क्यावरून सुटते, संध्याकाळपर्यंत हळूहळू चालते आणि दिवस मावळायच्या आत कुठेतरी काठाला लागून रात्रभर तिथेच उभी राहते.

हे जे ‘कुठेतरी’ आहे ना, त्याच्यावर सगळी सहल अवलंबून असते. बोटीत खोल्या किती, टीव्ही आहे का, पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवतात का, हे सगळे आपण विचारतो. रात्री बोट कुठे बांधणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शांतता हवी म्हणून इतक्या लांब जायचे आणि रात्रभर शेजारच्या बोटीच्या जनरेटरची घरघर ऐकत कूस बदलत पडायचे, असे पुष्कळांचे होते. म्हणून हा लेख.

आम्हाला शांततेचे एवढे वेड का, ते सांगायला हवे. आमचे अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याची वसाहत. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की पुढचे चार-पाच महिने इथे रात्र अशी होतच नाही. कारखान्याचा भोंगा, यंत्रांची धडधड, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि त्या ट्रॅक्टरवाल्यांची गाणी! एका ट्रॅक्टरवर भक्तिगीत, मागच्यावर लावणी, त्याच्या मागच्यावर काय ते देवच जाणे. तक्रार नाही हो, त्याच आवाजावर आमची चूल पेटते. हंगाम सुरू झाला नाही तर जी शांतता पसरते ती आम्हाला नको आहे. पण वर्षातून एक रात्र तरी कानाला सुट्टी मिळावी, इतकेच आमचे मागणे.

घरची पुरुषमंडळी हंगामात पाळीवर. त्यांना रजा मिळते ती उन्हाळ्यापावसाळ्यात, आणि तेव्हा केरळात एक तर घामाच्या धारा नाहीतर पावसाच्या. मग ठरवले, आपण बायकाच जाऊ. मी, सासूबाई, धाकट्या जाऊबाई आणि शेजारच्या काकू, अशा चौघी. “नवऱ्यांशिवाय इतक्या लांब?” असे विचारणाऱ्या पाचजणी भेटल्या. त्यांतल्या तिघींनी जाता जाता हळूच विचारले, “पुढच्या वर्षी जागा असेल का?” सासूबाईंचे म्हणणे वेगळेच. “मला जमिनीवर धड झोप येईना, पाण्यावर कशी येईल गं?”

त्यांची भीती खोटी म्हणता यायची नाही. आपण मराठवाड्यातली माणसे. पाणी आपल्याकडे एक तर नसते, नाहीतर अंगावर येते. गोदाकाठच्या गावांत पूर आला की गुळाच्या काहिलीत बसून लोकांनी नदी ओलांडलेली आपण ऐकली आहे. नाथसागरावर आपण जातो ते हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला, आणि काठावर उभे राहून संध्याकाळी परत येतो. शिवाय वर्तमानपत्रातल्या बातम्या आहेतच. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ७ मे २०२३ ला, केरळातच तानूर इथे एक सहलीची बोट बुडून बावीसजण दगावले, त्यांत लेकरे फार होती. ती बोट मुळात मासेमारीची, बदल करून सहलीला लावलेली. माणसे खच्चून भरली होती आणि अंधार पडत असताना ती पाण्यात होती.

या दोन्ही बातम्या मी मुद्दाम काढून सासूबाईंना वाचून दाखवल्या. घरच्यांना वाटले, हिने आता बेतच मोडला. पण म्हाताऱ्या माणसाची भीती दडवून ठेवून जात नाही, तिच्याशी बोलावे लागते. उजनीच्या बातमीत वारा आहे, मोकळे पाणी आहे. तानूरच्या बातमीत गर्दी आणि अंधार आहे. मग आपण काय करायचे? वाऱ्यापावसाच्या दिवसांत जायचे नाही, बोटीत चौघींपलीकडे कोणी घ्यायचे नाही, माणशी एक तरंगते जॅकीट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोट सोडू द्यायची नाही, आणि सूर्य मावळायच्या आत बोट काठाला बांधलेली हवी. सासूबाईंनी बोटांवर मोजून घेतले आणि म्हणाल्या, “मग चालंल.”

आता दिवस कसे निवडले ते ऐका, कारण खरी कसरत इथेच आहे. केरळात थंडीचे, म्हणजे तिथल्या मानाने कोरडे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. पण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात बोटींचे भाव आकाशाला भिडतात. मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलेच्या यात्रेमुळे केरळकडच्या गाड्या भरून वाहतात. आपल्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे. ती सोडून कोण जाणार? फेब्रुवारी संपता संपता शाळेत परीक्षांची धांदल, आणि मी अर्धवेळ असले तरी पर्यवेक्षणाला मला पूर्णवेळ बोलावतात. राहिला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तोच उत्तम निघाला. भात शेतात हिरवेगार उभे असते, काढणीला अजून महिना असतो आणि उन्हाचा चटका अजून सोसण्यासारखा असतो.

वार कोणता? शनिवार-रविवार असे आपण सवयीने म्हणतो. माझे ऐकाल तर शनिवारची रात्र पाण्यावर काढू नका. शनिवारी कोचीची, बंगळूरची नोकरदार मंडळी झुंडीने येतात आणि रविवारी सकाळी परत जातात. म्हणजे रविवारी दुपारी बोटीत बसले की त्याच पाण्यावर निम्मी गर्दी, भावही जरा नरम. आम्ही गुरुवारी रात्री जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेस धरली, शुक्रवारी सकाळी ठाण्याला उतरलो आणि तिथून नेत्रावती एक्स्प्रेसने कोकण रेल्वेच्या वाटेने शनिवारी अलेप्पीला, म्हणजे आताच्या अलप्पुळाला पोहोचलो. नेत्रावती थेट अलप्पुळावरून जाते, गाडी बदलावी लागत नाही. आरक्षण सध्या साठ दिवस आधी उघडते. त्याच दिवशी करा, आणि वयस्कर माणसाला खालचा बाक मागा. शनिवारची रात्र गावात एका साध्या लॉजवर काढली. प्रवासाचा शीण घेऊन बोटीत चढलात तर पहिले तीन तास झोपेत जातात, आणि बोट मुळात चालते तीच पाचएक तास.

हे पाच तासांचे गणित नीट लक्षात घ्या. साधारण दुपारी बाराला बोटीवर घेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरवतात. ऐकायला एकवीस तास. त्यांतून जेवणासाठी बोट थांबते तो वेळ काढा. संध्याकाळी साडेपाच-सहाला ती काठाला लागते, कारण त्या सुमारास कोळी पाण्यात जाळी टाकतात आणि रात्री पाणी त्यांचे असते. सकाळी नाश्त्यानंतर तासाभराची फेरी. म्हणजे बोट चालण्यापेक्षा बांधलेली जास्त वेळ असते. म्हणूनच म्हणते, ती बांधतात कुठे ते विचारा.

बोट घरबसल्या फोटो पाहून ठरवू नका. फोटोत सगळ्याच नवऱ्या देखण्या दिसतात. अलप्पुळाला पुन्नमड्याच्या धक्क्यावर सकाळी नऊच्या सुमाराला जाऊन उभे राहायचे. त्याच वेळी आदल्या रात्रीच्या बोटी परत येत असतात. पाहुणे उतरत असतात, बोट अजून आवरलेली नसते, चादरी निघालेल्या असतात, मोरीचे दार उघडे असते. घराची पारख करायची तर सकाळी नऊलाच करावी, हे काय आपल्याला कोणी शिकवायला हवे? आम्ही आत जाऊन मोरी पाहिली, स्वयंपाकघर पाहिले, गॅसची टाकी कुठे ठेवली आहे आणि आग विझवायचे नळकांडे जवळ आहे का ते पाहिले, खोलीला आतून कडी आहे का ते लावून पाहिले. बोटीचा नोंदणी क्रमांक लिहून घरी कळवला. चौघी बायकाच आहोत म्हटल्यावर बोट अख्खी आपल्यापुरती घेतली, अनोळखी कुटुंबाबरोबर वाटून घेतली नाही. यात पैसे थोडे जास्त जातात. ते जाऊ द्यावेत.

आणि उतरणाऱ्या पाहुण्यांना विचारायला लाजू नका. आम्हाला एक गुजराती कुटुंब भेटले. बाई बिचाऱ्या डोळे चोळत होत्या. त्यांची बोट रात्री मोठ्या धक्क्यालगत आणखी पंधरा-वीस बोटींच्या रांगेत बांधली होती. एकाला एक खेटून, जशा एसटीच्या आगारात गाड्या लागतात. प्रत्येकीचे जनरेटर चालू, कारण प्रत्येकीत वातानुकूलन. पलीकडच्या बोटीवर कोणाचा तरी वाढदिवस. आमच्या जाऊबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “हे तर आपल्याकडं फुकटात मिळतं की!”

मग आम्ही बोटवाल्यांना एकच प्रश्न विचारत सुटलो. रात्री कुठे बांधता? दोघांनी हसून ‘गुड प्लेस, गुड प्लेस’ म्हटले. अशा माणसाला सोडून पुढे जायचे. तिसऱ्याने गावाचे नाव सांगितले, भाताच्या बांधाला एकटीच बोट लावतो म्हणाला, तिथे काठावर आमच्या आचाऱ्याच्या बहिणीचे घर आहे म्हणाला. हे उत्तर खरे वाटले, कारण त्यात ठिकाण होते आणि माणूस होता. त्याला पुढचे प्रश्न विचारले. पंखे रात्री कशावर चालतात? काठावरच्या विजेवर की जनरेटरवर? वातानुकूलन किती वाजता सुरू, किती वाजता बंद? पुष्कळ बोटींवर ते रात्री नऊ ते सकाळी सहा इतकेच असते. आम्ही म्हटले, आम्हाला ते नकोच, नुसते पंखे पुरेत, पण जनरेटर बंद ठेव. फेब्रुवारीत पंख्यावर भागले. बोली सगळी कागदावर लिहून घेतली. जेवण, नाश्ता, कर धरून एकूण किती, बोट किती वाजता सुटणार, कुठे बांधणार. थोडे पैसे आगाऊ, उरलेले बोटीवर पाय ठेवल्यावर. ज्यांना एवढी घासाघीस जमत नाही त्यांच्यासाठी गावात जिल्हा पर्यटन मंडळाची खिडकी आहे, तिथे ठरलेल्या दराने बोट मिळते. पण प्रश्न तिथेही हाच विचारा.

या बोटीचे मूळ नाव केट्टुवल्लम्. केट्टु म्हणजे बांधणे आणि वल्लम् म्हणजे होडी. म्हणजे बांधलेली, शिवलेली होडी. अंजिली नावाचे फणसाच्याच कुळातले झाड असते. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, फटींत काथ्या ठासायचा आणि वरून काजूच्या टरफलांचे तेल चोपडायचे. लोखंडाचा खिळा म्हणून नाही. अशा होड्यांतून पूर्वी कुट्टनाडचे भात कोचीच्या बाजारात जायचे. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, होड्या काठाला पडून राहिल्या. साधारण १९९० नंतर कोणाच्या तरी डोक्यात आले की यांच्यावर चटयांचे छप्पर घालून पाहुणे फिरवावेत. आता बोटी इतक्या झाल्या आहेत की काही जागी पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. वेंबनाड हे भारतातले सर्वात लांब सरोवर, २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. म्हणून बोटीतले सांडपाणी कुठे जाते हेही विचारा. टाकीत जाते म्हणाला तर टाकी दाखव म्हणा. आणि आपण काय टाकतो तेही पाहा. आमच्या डोळ्यांदेखत पुढच्या बोटीतून कुरकुऱ्यांची पाकिटे पाण्यात आली, आणि ती मराठी माणसांची बोट होती हे सांगायला वाईट वाटते.

दुपारी बोट सुटली. बोटीवर तिघे. चालवणारा, आचारी आणि एक पोऱ्या. चालवणाऱ्याला ते स्रांक म्हणतात; आपल्या कोकणातला सारंगच तो. बोटीत चढताना फळी अरुंद असते, तेव्हा सासूबाईंना मधे घेतले, पुढे एक, मागे एक. वयस्कर माणूस बरोबर असेल तर वरच्या मजल्याची बोट घेऊ नका, तो जिना फार उभा असतो. लहान मूल असेल तर कठड्याच्या गजांत अंतर किती आहे ते पाहा आणि मुलाच्या मापाचे जॅकीट आहे का ते विचारा. मोठ्यांचे जॅकीट लेकराच्या डोक्यावरून निघून जाते. बोट लागणार नाही, त्याची काळजी नको. पाणी इतके संथ की वाटीतली आमटी हलत नाही.

जेवणाबद्दल सांगते, कारण चौकशी त्याचीच जास्त होते. भात तांबूस, जाड. सांबार, कोबीचे तोरन, अवियल. खोबरेल तेलातला स्वयंपाक ज्यांना चालत नाही त्यांनी बोटीत चढायच्या आधी सांगावे, ताट वाढल्यावर नाक मुरडू नये. मासे खाणाऱ्यांना तिथला करीमीन मिळतो. आमच्या काकूंनी एकटीने दोन खाल्ले आणि घरी सांगू नका म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा सोमवार होता. मी मेतकुटाबरोबर शेंगदाण्याचे लाडू नेले होतेच, पण आचाऱ्याने कप्पा उकडून दिला. कप्पा म्हणजे टॅपिओकाचा कंद. साबुदाणा होतो तो याच कंदाच्या पिठाचा. उपासाला साबुदाणा चालतो तर त्याचा कंद का चालू नये, असे मी विचारले, आणि सासूबाईंना ते पटले. फक्त हळद आणि मोहरी घालू नका म्हणून आधी सांगा, ते सवयीने घालतात. वर ओले खोबरे. त्या म्हणाल्या, भगरीपेक्षा बरे.

आता खरी गोष्ट, कुट्टनाडची. पाच वाजून गेल्यावर आमची बोट मोठे पाणी सोडून एका कालव्यात शिरली आणि एका बांधाला लागली. नारळाच्या दोन झाडांना दोर बांधले, इंजिन बंद झाले. आम्ही बांधावर उतरलो. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भाताचे रान. मी उभी राहून दोन्हींकडे पाहते तर काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. मग लक्षात आले. रान खाली होते. पाणी वर, रान खाली, आमच्या उंचीहूनही खाली. कुट्टनाडात समुद्राच्या पातळीपेक्षा खाली शेती करतात, काही ठिकाणी तर दोन-अडीच मीटर खाली. ही सगळी जमीन बांध घालून पाण्यातून काढलेली आहे. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा वारसा म्हणून मान दिला.

आपल्याकडे कसे? १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणला धरणाची कोनशिला बसवली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि डाव्या कालव्याला पाणी आले तसा आमच्या भागात ऊस आला, उसामागून कारखाना आणि कारखान्यामागून आम्ही. आम्ही पाटाच्या आवर्तनाची वाट पाहतो. पाणी वरून रानात सोडायचे. इथले शेतकरी रानातले पाणी पंपाने उपसून वर कालव्यात टाकतात, तेव्हा कुठे भाताला जमीन दिसते. सासूबाईंना हे समजावून सांगितल्यावर त्या बराच वेळ बांधावर बसून राहिल्या. जन्मभर ज्यांनी पाण्यासाठी घागरी वाहिल्या त्या बाईला, पाणी बाहेर काढायला पैसे मोजणारा शेतकरी पाहून काय वाटले असेल! मग त्यांनी आचाऱ्याच्या बहिणीला खुणेने विचारले, प्यायचे पाणी कुठले? तिने प्लास्टिकचे हंडे दाखवले. चारी बाजूंनी पाणी, पण पिण्याजोगे नाही. उन्हाळ्यात इथे प्यायचे पाणी होडीने येते. “म्हणजे टँकरच की,” सासूबाई म्हणाल्या. दोघी एकमेकींची भाषा जाणत नव्हत्या, पण हंड्याकडे बोट दाखवून पाऊण तास बोलत होत्या.

एकटी बोट बांधली की हा लाभ होतो आणि एक जबाबदारीही येते. काठावरची घरे म्हणजे देखावा नव्हे. तिथल्या बायका त्याच पायऱ्यांवर भांडी घासतात, कपडे धुतात, लेकरांना न्हाऊ घालतात. आपण बोटीच्या खुर्चीत बसून त्यांचे फोटो काढायचे, हे मला पटत नाही. आपल्या मोरीसमोरून रोज वीस बोटी गेल्या आणि प्रत्येकीतून कोणी कॅमेरा रोखला, तर?

सहा-साडेसहाला अंधारू लागले. डास येतात, तेव्हा दिवे लागायच्या आत खोल्यांची दारे लावून घ्यावी आणि अंगाला मलम चोळावे. जेवणे आठला उरकली. ताटे उचलायला काकू सवयीने उठल्या, तर पोऱ्याने त्यांच्या हातातून ताट काढून घेतले. त्यांना दोन मिनिटे हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग चौघी पुढच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसलो. उद्याची कणीक, विरजण, डबा, पाळीवरून येणाऱ्याचा रात्री एकचा चहा, यांतले काहीच नव्हते. बोलायला तरी काय असणार? जाऊबाईंना आमच्या घरात येऊन अकरा वर्षे झाली. त्यांना शिवणाचे दुकान काढायचे आहे, ही गोष्ट आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळली. सासूबाईंना अंधारात झोप लागली असे आम्ही धरून चाललो होतो. तिकडून आवाज आला, “माझ्या पाटल्या मोडल्या तर भांडवल होईल का?” त्यानंतर कोणीच काही बोलले नाही. पाण्यात एखादा मासा उडाल्याचा चुबुक आवाज येई, दोर ताणला की लाकूड करकरे. दूर कुठे पाणी उपसणारा पंप चालू होता तेवढाच. सासूबाई पहाटेपर्यंत झोपल्या.

पहाटेपर्यंतच म्हणते, कारण पाचला कुठल्याशा देवळातला ध्वनिवर्धक सुरू झाला. अंकुशनगर काय नि कुट्टनाड काय! पण तोवर कान सात-आठ तास विसावले होते.

साडेसातला इडली, सासूबाईंना कप्पा, आणि नऊला धक्का. बोटीवरच्या तिघांना बक्षिसी द्यायची तर प्रत्येकाच्या हातात वेगवेगळी द्या. एकाच्या हातात दिली की पोऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. ज्यांना बोट परवडत नाही त्यांनी हिरमुसू नये. अलप्पुळाहून कोट्टयमला सरकारी जलवाहतूक खात्याची बोट जाते. अडीचएक तासांचा प्रवास, तिकीट अगदी काही रुपयांचे, आणि शेजारी शाळेची मुले, बाजाराला निघालेल्या बायका. दिवसा ती बोट आणि रात्री काठावरच्या एखाद्या घरगुती निवासात मुक्काम, हाही बेत चांगला. परतीची गाडी त्याच दिवशीची घेणार असाल तर बोट उशिरा आली तरी धावपळ होणार नाही अशी घ्या. आमच्या जाऊबाईंनी मधला वेळ धक्क्यामागच्या बाजारात कापडाचे भाव विचारण्यात घालवला. अस्तराचे सुती कापड तिथे जालन्यापेक्षा स्वस्त निघाले, दहा मीटर घेऊन आल्या.